उचगावशेजारचा पोलंड

पुणे-बंगळूर महामार्ग सोडून उचगाव फाट्यावरून आत वळले की थोड्याच वेळात दोन्ही बाजूंना कापडाची दुकाने सुरू होतात आणि उचगाव कुठे संपले, गांधीनगर कुठे लागले, हे नवख्याला कळत नाही. लग्नाचा बस्ता बांधायला कोकणातून, सांगलीकडून, सीमाभागातून माणसे इथे येतात. घाऊक कापडाची ही पेठ सिंधी बांधवांनी उभी केली, हे सगळ्यांना ठाऊक असते. त्यांच्या आधी याच जागेवर कोण राहत होते, हे मात्र बस्ता बांधायला आलेल्या शंभरातल्या एखाद्यालाच सांगता येईल. १९४३ ते १९४८ या काळात इथे पोलंडमधून परागंदा झालेल्या सुमारे ५००० माणसांची वस्ती होती. त्यांत बहुसंख्य बायका आणि मुले होती. सरकारी कागदांत तिचे नाव वळिवडे छावणी.

या छावणीवर गेल्या काही वर्षांत मराठी वर्तमानपत्रांतून बरेच छापून आले. त्यातला सूर बहुतेक वेळा एकच असतो: कोल्हापूरने निर्वासितांना आसरा दिला, पाहुणचार केला, आणि ते लोक अजून त्याची जाण ठेवतात. हे खरे आहे आणि अभिमानाचेही आहे. पण ही गोष्ट यजमानाच्या बाजूची झाली. पाहुण्यांनी इथे पाच वर्षे काय केले, हा प्रश्न तिच्यात येतच नाही. पुढची पाने त्या प्रश्नासाठी आहेत, आणि त्याचे उत्तर शोधताना दोन इमारतींपाशी पुन्हा पुन्हा यावे लागते. एक शाळा, दुसरे चर्च. बाकीची वस्ती सरकारने बांधून दिली होती. या दोन ठिकाणी जे चालले ते त्या लोकांनी स्वतः चालवले, आणि त्याच्या जोरावरच ते निर्वासितांचा जमाव न राहता समाज म्हणून टिकले. या प्रस्तावनेला सांगायचे आहे ते एवढेच. बाकी सारे त्याचा आधार.

ही माणसे इतक्या लांब आली कशी, ते आधी पाहू. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने हल्ला केला. पूर्व भाग रशियाच्या ताब्यात गेला. फेब्रुवारी १९४० पासून जून १९४१ पर्यंत चार लाटांत तिथल्या लाखो लोकांना घरातून उठवून मालगाड्यांत कोंबण्यात आले आणि सायबेरिया, कझाकस्तान इथे नेऊन सोडण्यात आले. शेतकरी, वनरक्षक, शिक्षक, सैनिकांची कुटुंबे, सगळेच त्यात होते. पुढे जर्मनीने रशियावरच चढाई केली, तेव्हा डाव उलटला. ३० जुलै १९४१ रोजी लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारचा रशियाशी करार झाला, कैद्यांना सोडण्यात आले आणि जनरल अँडर्स यांच्या हाताखाली पोलिश फौज उभी राहू लागली. १९४२ मध्ये ही फौज कास्पियन समुद्र ओलांडून इराणला आली. फौजेबरोबर तिची बायकामुले, अनाथ पोरे, म्हातारीकोतारी असे सुमारे ३७,००० नागरिकही आले. उपासमारीने आणि तापाने खंगलेल्या या लोकांना ठेवायचे कुठे, हा पेच होता. काही पूर्व आफ्रिकेला गेले, काही मेक्सिको आणि न्यूझीलंडला, आणि काही कराचीमार्गे हिंदुस्थानात आले.

हिंदुस्थानात पहिला हात पुढे केला तो नवानगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी. जामनगरजवळ बालाचडी इथे १९४२ मध्ये त्यांनी पोलिश मुलांसाठी छावणी उघडली. कुटुंबांसाठी मात्र मोठी, बरीच वर्षे राहता येईल अशी जागा हवी होती. ती कोल्हापूर संस्थानात मिळाली. पंचगंगेचे पाणी जवळ, हवा माफक, आणि मिरज-कोल्हापूर लोहमार्ग १८९१ पासूनच दारावरून जाणारा. कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा बालवयातले छत्रपती होते आणि कारभार रीजन्सी कौन्सिलकडे होता. वस्तीचा खर्च आधी लंडनमधल्या पोलिश सरकारच्या नावे चाले. जून १९४३ मध्ये पहिली कुटुंबे वळिवड्याला उतरली. मुंबईतले पोलिश कौन्सल यूजेनिउश बानाशिन्स्की आणि रेडक्रॉसचे काम पाहणाऱ्या त्यांच्या पत्नी किरा यांनी या साऱ्या व्यवस्थेत मोठा वाटा उचलला. किराबाई पुढे हिंदुस्थानातच राहिल्या.

राहायला ओळीने बराकी होत्या. पायाला दगड, वर कौले, भिंतींना बांबूचे तट्टे. एका कुटुंबाला दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे पडवी. अन्न एका मोठ्या भटारखान्यातून वाढले जात नसे. महिन्याला ठरावीक भत्ता मिळे आणि ज्याची त्याची चूल वेगळी असे. ही गोष्ट वाटते तितकी लहान नाही. तीन वर्षे रांगेत उभे राहून पाव घेतलेल्या बाईला स्वतःच्या चुलीवर स्वतःच्या मुलांसाठी काय शिजवायचे, हे ठरवता येऊ लागले. दूध, भाजी, अंडी, जळण यांसाठी आसपासच्या गावांशी रोजची देवघेव सुरू झाली आणि विक्रेत्यांच्या तोंडी पोलिश आकडे व शब्द रुळले, असे तिथे वाढलेल्यांच्या आठवणींत वारंवार येते. बाजार, दवाखाना, नाट्यगृह, बालवीरांचे पथक अशी सगळी घडी हळूहळू बसली.

आता शाळेकडे. सायबेरियातून आलेल्या मुलांची दोन-तीन वर्षे वाया गेली होती. काहींना पोलिश अक्षरच ओळखता येत नव्हते, तर काहींना सोव्हिएत शाळेत रशियन शिकावी लागली होती. बारा-तेरा वर्षांची मुले आठ-नऊ वर्षांच्या मुलांबरोबर एका बाकावर बसत. वळिवड्यात बालवाडी, प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा आणि व्यवसायशिक्षणाचे वर्ग असा पूर्ण जिना बांधला गेला. पोलंडमध्ये १९३२ च्या सुधारणेनंतर चार वर्षांचे जिम्नाझ्यूम आणि त्यावर दोन वर्षांचे लिसेउम अशी रचना होती. कोल्हापूरच्या माळावर ती जशीच्या तशी उभी केली गेली. अभ्यासक्रम तोच, परीक्षा तीच, माध्यम पोलिश. शिक्षक कमी पडत, म्हणून थोडेफार शिकलेल्या बायकांनाही हाती खडू घ्यावा लागला. पुस्तकांची वानवा होती. परागंदा पोलिश मुलांसाठी त्या काळात जेरुसलेममध्ये पाठ्यपुस्तके छापली जात. ती जिथे पोहोचत नसत तिथे फळ्यावरून वहीत उतरवून घेणे, हाच मार्ग होता.

इतका खटाटोप कशासाठी, असा प्रश्न मराठी वाचकाला पडेल. छावणी तात्पुरती आहे, युद्ध संपले की घरी जायचे आहे, मग व्याकरण, इतिहास आणि बीजगणित यांचा एवढा आग्रह का? याचे उत्तर पोलंडच्या इतिहासात आहे. १७९५ ते १९१८ अशी १२३ वर्षे पोलंड नावाचा देशच नकाशावर नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो वाटून घेतला होता. रशियाच्या अमलातल्या वॉर्सात मुलींसाठी लपूनछपून चालणाऱ्या वर्गांत शिकलेली एक विद्यार्थिनी पुढे मेरी क्युरी म्हणून जगाला माहीत झाली. प्रशियाच्या अमलातल्या व्झेश्न्या गावात १९०१ मध्ये शाळकरी मुलांनी धर्मशिक्षण जर्मन भाषेत घ्यायला नकार दिला आणि त्यापायी छड्या खाल्ल्या. भाषा, शाळा आणि प्रार्थना या तीन गोष्टी पोलिश मनात एकमेकींत गुंतलेल्या आहेत, हे त्या एका प्रसंगावरून ध्यानात येते. वळिवड्याच्या बराकींतल्या आज्या त्याच काळात लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या. देश गेला तरी तो घरात, वर्गात आणि देवळात कसा सांभाळायचा, याची तालीम त्यांच्या पिढीला मिळालेली होती. वळिवड्यात ती कामाला आली.

चर्चचेही तसेच. छावणीतले बहुसंख्य लोक रोमन कॅथलिक. एका साध्या इमारतीत त्यांचे चर्च भरे. दगडी मनोरे, रंगीत काचा असे तिथे काही नव्हते. पण वस्तीचे पंचांग तिथून ठरे. नाताळ, ईस्टर, मे महिन्यातली मेरीची भक्ती, मुलांचा पहिला प्रसाद, पवित्र मिरवणूक, लग्न, बारसे, अंत्यविधी. ३ मे हा १७९१ च्या पोलिश संविधानाचा दिवस आणि ११ नोव्हेंबर हा १९१८ च्या स्वातंत्र्याचा. या दोन्ही दिवशी प्रार्थना आणि राष्ट्रगीत यांच्यात भिंत उरत नसे. १५ ऑगस्ट हा मेरीच्या स्वर्गारोहणाचा सण, आणि १९२० मध्ये वॉर्साच्या वेशीवर रशियन फौज परतवली त्याच्या स्मरणाने सैनिकांचाही दिवस. १९४७ साली तो दिवस उजाडला तेव्हा हे लोक वळिवड्यातच होते. त्यांचा जुना सण आणि आपला नवा स्वातंत्र्यदिन अशा रीतीने एकाच तारखेला आले. यांचा देश त्याच सुमाराला पुन्हा परक्याच्या धाकाखाली गेला होता.

चर्चचे आणखी एक काम होते, आणि ते सणांपेक्षा जड होते. बहुतेक घरांतला कर्ता पुरुष तिथे नव्हता. कुणाचा सायबेरियात गेला, कुणाचा बेपत्ता, आणि बऱ्याच जणांचा अँडर्स यांच्या फौजेत, म्हणजे पोलिश दुसऱ्या कोअरमध्ये, इटलीच्या आघाडीवर. १८ मे १९४४ रोजी पोलिश सैनिकांनी मोंते कासिनोचा मठ घेतला, तेव्हा त्या विजयाबरोबर मृतांच्या याद्याही आल्या. त्याच इटलीत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान लढत होते. जुलै १९४४ मध्ये नाईक यशवंत घाडगे यांनी तिथेच व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून प्राण ठेवला. त्या वर्षी कोल्हापूर, सातारा, रत्नागिरीच्या खेड्यांत आणि वळिवड्याच्या बराकींत एकाच आघाडीवरून तारा येत होत्या. ज्याचे प्रेत नाही, कबर नाही, त्याचा शोक कुठे करायचा? वळिवड्यात तो चर्चमध्ये झाला.

कोल्हापूरला शाळा आणि चर्च ही जोडी नवी नव्हती. रॉयल गूल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये अहमदनगरहून कोल्हापूरला आले, तेव्हा त्यांना हाकलून द्यावे अशी मागणी झाली होती. त्यांनी शाळा काढल्या. पण शाळांवर पैसा घालवावा की केवळ धर्मोपदेश करावा, यावर त्यांचे आपल्याच संस्थेशी बिनसले आणि १८६१ मध्ये त्यांनी मिशनच्या शाळांची बाजू मांडणारे पुस्तक न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध केले. पुढे हे काम प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले. कोल्हापुरातले वाइल्डर मेमोरियल चर्च, आयर्विन ख्रिश्चन हायस्कूल, एस्थर पॅटन हायस्कूल, आणि मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेले रुग्णालय ही सारी त्या परंपरेतली. दुसरी परंपरा राजर्षी शाहू महाराजांची. मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा त्यांचा हुकूम १९१७ चा. याच करवीर तालुक्यातल्या चिखलीत १९१८ मध्ये त्याची पहिली शाळा सुरू झाली आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला गेला. जातीजातींसाठी त्यांनी उभारलेल्या वसतिगृहांच्या मालिकेत १९१५ चे इंडियन ख्रिश्चन होस्टेलही आहे.

वळिवड्याची जोडी या दोन्हींपासून वेगळी पडते. वाइल्डर यांची शाळा दुसऱ्यांच्या मुलांना शिकवायला आणि जमल्यास आपल्या धर्माकडे वळवायला निघालेली होती. शाहू महाराजांची शाळा राजाने प्रजेसाठी काढली. वळिवड्याच्या शाळेमागे राजा नव्हता आणि तिला कुणाला बदलायचेही नव्हते. आपण जे आहोत तेच राहावे, एवढाच तिचा उद्देश. म्हणून तिने उचगावच्या किंवा वळिवड्याच्या मुलांसाठी काही केले नाही, अशी तक्रार कुणी केली तर ती खोटी नव्हे. दोन समाज शेजारी राहिले, बाजारात भेटले, पण एका वर्गात बसले नाहीत. या विषयावर लिहिताना हे झाकून ठेवण्याचे कारण नाही.

तरी ती भिंत अगदीच सलग नव्हती. वांदा दिनोव्स्का या पोलिश विदुषी हिंदुस्थानात उमादेवी या नावाने वावरत होत्या. त्यांनी पोलिश निर्वासितांना भारतीय विचारांची ओळख करून देण्याचा ध्यास घेतला आणि मॉरिस फ्रीडमन यांच्यासह पोलिश-भारतीय ग्रंथमाला चालवली. फ्रीडमन हे नाव आपल्याला परके नाही. औंध संस्थानातल्या स्वराज्याच्या प्रयोगात त्यांचा हात होता आणि पुढे निसर्गदत्त महाराजांची संभाषणे त्यांनीच इंग्रजीत नेली. बालवीरांचे पथक घडवायला वळिवड्यात आलेले तरुण सैनिकी अधिकारी झ्जिस्वाव पेश्कोव्स्की हे रशियाने कातिन इथे केलेल्या पोलिश कैद्यांच्या हत्याकांडातून वाचलेल्या मोजक्यांपैकी एक. नंतर ते धर्मगुरू झाले आणि कातिनमध्ये मारल्या गेलेल्यांच्या कुटुंबांसाठी अखेरपर्यंत झटले. आणि एका पोलिश मुलीने कोल्हापुरातल्या तरुणाशी लग्न करून इथेच संसार थाटला.

युद्ध संपले, पण घरी जाणे झाले नाही. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा इथे बड्या राष्ट्रांनी पोलंडचा पूर्व भाग रशियाच्या पदरात टाकला. वळिवड्यातली बहुतेक कुटुंबे त्याच भागातली. भूगोलाच्या तासाला ज्या ल्वूव आणि विल्नो शहरांची नावे मुलांनी पाठ केली, ती आता पोलंडमध्ये नव्हती. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली. ज्या सरकारच्या अभ्यासक्रमाने शाळा चालत होती ते सरकारच कायद्याच्या लेखी संपले, आणि वस्तीची जबाबदारी आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांकडे गेली. तरी वर्ग भरत राहिले. १९४६ मध्ये बालाचडी बंद झाली तेव्हा तिथली मुलेही वळिवड्याला आली. ही शाळा पगार देणाऱ्याच्या भरवशावर चालत नव्हती, याचा याहून मोठा पुरावा कोणता? १९४७-४८ मध्ये वस्ती पांगली. काही जण पोलंडला परतले, पण पुष्कळ जण सैन्यातल्या आप्तांमागे ब्रिटनला गेले. काही ऑस्ट्रेलियाला, अमेरिकेला, कॅनडाला. जिथे गेले तिथे त्यांच्या हाती परीक्षेचा दाखला होता आणि त्यावर पुढचे शिक्षण घेता आले.

रिकाम्या बराकींत १९४८ मध्ये फाळणीने घरदार गमावलेले सिंधी आले. वस्तीचे नाव गांधीनगर झाले. वळिवड्याच्या मातीत एका निर्वासित समाजाच्या जागी दुसरा निर्वासित समाज बसला. पोलिशांना निदान नकाशावर देश तरी होता, सिंधी भाषेला भारतात स्वतःचे राज्यही मिळाले नाही, आणि १९६७ मध्ये तिला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळेपर्यंत झगडावे लागले. त्यांनीही झुलेलालाचे मंदिर, चेटीचंडाचा सण आणि व्यापार यांच्या बळावर आपला समाज बांधून ठेवला. पोलिश वस्ती आणि सिंधी वस्ती यांचा इतिहास एकत्र वाचला, तर निर्वासितांना छपरापाठोपाठ काय लागते ते समजते. म्हणूनच या विषयाचे महत्त्व १९४८ ला संपत नाही.

वळिवड्यात वाढलेल्या मुलांनी पुढे परदेशात आपली संघटना केली, आठवणींचा जाडजूड ग्रंथ आधी पोलिशमध्ये आणि मग इंग्रजीत काढला. १९९८ मध्ये कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्मारक उभे राहिले. सप्टेंबर २०१९ मध्ये वळिवड्यात स्मृतिस्तंभ झाला आणि त्या निमित्ताने वय ऐंशी-नव्वदीला पोहोचलेले जुने विद्यार्थी इथे आले. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिले. म्हणजे त्यांच्या बाजूने या इतिहासाची नोंद नीट झाली आहे.

आपल्या बाजूने ती झालेली नाही. उचगाव, वळिवडे, चिंचवाड या गावांतल्या माणसांनी ही वस्ती पाहिली, तिच्याशी व्यवहार केला, तिच्या चर्चची घंटा आणि शाळेची प्रार्थना ऐकली. त्यांचे म्हणणे मराठीत कुठे एकत्र सापडत नाही. पोलिश आठवणींत कोल्हापूरचा दूधवाला येतो, पण दूधवाल्याच्या आठवणीतली पोलिश बाई आपल्याकडे कुणी लिहून ठेवलेली नाही. बराकींचे राहिलेसाहिलेले अवशेषही दुकाने आणि गोदामे यांच्या रेट्यात दरवर्षी कमी होत आहेत. जे उभे आहे त्याचे मोजमाप, छायाचित्र आणि जागेचा नकाशा आज करता येईल. उद्या त्याची खात्री नाही.

म्हणून वाचकांना, विशेषतः या पंचक्रोशीतल्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना, एक विनंती. १९४३ मध्ये जे दहा वर्षांचे होते त्यांनी आता नव्वदी ओलांडली आहे. घरात असे कुणी असेल तर त्यांच्यापाशी बसा, विचारा आणि त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. जुन्या पेटीत एखादे छायाचित्र, हिशेबाचा कागद, छावणीतून आलेले भांडे किंवा खुर्ची निघाली तर टाकू नका. ती कुठून आली हे कागदावर लिहून तिच्याबरोबर ठेवा. पुस्तक वाचून झाले की हे काम सुरू करा. पुढच्या आवृत्तीत तुमची पाने असायला हवीत.